नळीतले कीट : ठासणीच्या रायफलीसाठी केलेल्या कामाच्या नोंदी

९ जून २०२४, रविवार

माझा भाचा नोकरीनिमित्त इंग्लंडात असतो आणि तिथल्या एका नेमबाजी क्लबात १८५३च्या नमुन्याच्या एनफिल्ड रायफलीची आधुनिक प्रतिकृती चालवतो. नळीच्या तोंडातून बंदुकीची दारू ओतायची, त्यावर गोळी गजाने ठासायची आणि निपलवर, म्हणजे बुडाशी असलेल्या पोकळ खुंटीवर, स्फोटक टोपी चढवून बार काढायचा, अशी ही जुन्या पद्धतीची रायफल आहे. त्याची तक्रार गेले वर्षभर मी फोनवर ऐकत आलो आहे. पहिल्या चार-पाच गोळ्या गजाच्या वजनानेच खाली उतरतात, सहावीला जोर लावावा लागतो आणि आठवी अर्ध्या नळीत अडकून बसते. गेल्या शनिवारी ती इतकी घट्ट अडकली की सराव सोडून त्याला रायफल उघडावी लागली. काल त्याने सरळच विचारले, "मामा, तुमचा जन्म लेथवर गेला. गजाच्या टोकाला बसणारी बोंडी मला करून द्याल का? इकडे विकत मिळते ती चिंधीसकट कीट खाली ढकलत नेते."

बोंडी म्हणजे चिंधी धरून नळी पुसणारे गजाचे धातूचे टोक, आणि कीट म्हणजे जळालेल्या दारूचा नळीला चिकटणारा मळ. नुसती बोंडी करून द्यायला एक दुपार पुरेल. परंतु कीट म्हणजे नेमके काय, ते केव्हा कडक होते आणि केव्हा सैल पडते, हे कळल्याशिवाय बोंडीचे माप ठरवणे म्हणजे अंधारात सुरी चालवणे होय. म्हणून हे काम रीतसर करायचे आणि त्याची वही ठेवायची असे ठरवले आहे. कुर्ल्याच्या माझ्या गाळ्यात बंदूकही नाही आणि दारूचा कणही येणार नाही. बार काढण्याचा भाग पूर्णपणे तिकडचा, त्याच्या प्रमाणपत्रावरचा आणि त्याच्या क्लबाच्या नियमांतला.

उद्दिष्ट त्याच्याच सामन्याने ठरवून दिले आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तीस मिनिटांत १३ बार काढायचे असतात आणि त्यांतले उत्तम १० धरले जातात. म्हणजे एका बारामागे सव्वादोन मिनिटे मिळतात. दर बारानंतर नळी धुऊन पुसून कोरडी करण्याइतका हा वेळ नव्हे.

१३ जून

प्रिन्सेस स्ट्रीटवरून पोटॅशियम कार्बोनेट आणि पोटॅशियम सल्फेट प्रत्येकी पाव किलो आणले. गुलालवाडीत १६ मिलिमीटरची पितळी सळई घेतली. दुकानदाराने नेहमीप्रमाणे आधी भाव सांगितला आणि मग तो पितळेचा आहे, तांब्याचा नाही, हे पटवून दिले.

१६ जून, रविवार

आज चाचणीची नळी केली. खऱ्या नळीचा आतला व्यास ०.५७७ इंच, म्हणजे १४.६६ मिलिमीटर आहे. आतले काय झाले ते डोळ्यांनी पाहता यावे म्हणून मी दोन पोलादी पट्ट्या समोरासमोर घासून सपाट केल्या, डॉवेल आणि बोल्ट घालून एकत्र आवळल्या आणि जोडाच्या रेषेवरच भोक पाडून १४.५ पर्यंत भोक रुंदावणारा रीमर व नंतर आतून घासणारा होन चालवला. अखेरचे माप १४.६५ ते १४.६७ आले. बोल्ट सैल केले की ही २०० मिलिमीटरची नळी पुस्तकासारखी उघडते. आत रायफलिंगचे, म्हणजे गोळीला फिरकी देणारे, चर नाहीत, ही उणीव आहे. खऱ्या एनफिल्डला तीन रुंद उथळ चर असतात आणि ते ७८ इंचांत एक फेरा घेतात. एवढ्या संथ पेचाचे चर कापण्याची सोय माझ्याकडे नाही. शेजारच्या गाळ्यातल्या कारागिराने हा ठोकळा पाहून "साचा कसला?" असे विचारले, तेव्हा बंदुकीशी याचा कोणाच्याही मनात संबंध येणार नाही याची खात्री पटली.

कीट कशाचे असते ते इथेच लिहून ठेवतो. सोरा, कोळसा आणि गंधक यांची ही दारू जळाली की तिच्या वजनाचा निम्म्याहून कमी भाग वायू होतो. एकोणिसाव्या शतकात नोबल आणि एबल या दोघा शास्त्रज्ञांनी बंद पात्रात दारू जाळून मोजले, तेव्हा सुमारे ५५ ते ५७ टक्के वजन घन पदार्थांच्या रूपात उरले. त्यात मुख्यतः पोटॅशियमचे कार्बोनेट आणि सल्फेट असते आणि थोडे सल्फाइड व न जळालेला कोळसा असतो. भाचा दर बाराला ६० ग्रेन, म्हणजे ३.९ ग्रॅम दारू वापरतो. त्यातून दोन ग्रॅमांहून अधिक घन पदार्थ निर्माण होतो. त्यातला बराचसा तोंडातून पांढऱ्या धुरासोबत बाहेर जातो आणि उरलेला नळीला चिकटतो. आजच्या धूररहित दारूवर शिकलेल्या नेमबाजाला हे प्रमाण खरे वाटत नाही.

मी दोन्ही क्षार आणि कोळशाची पूड यांचा लगदा करून नळीत फासला. सल्फाइड मुद्दाम वगळले आहे. त्याचा सडक्या अंड्यांचा वास गाळ्यात कोंडून घेण्याची माझी इच्छा नाही.

२३ जून, रविवार

आजची नोंद लांबणार आहे, कारण या आठवड्यात जे दिसले त्याने माझी समजूत उलटी केली.

मी गृहीत धरले होते की कीट दमट हवेत मऊ आणि कोरड्या हवेत कडक असेल, आणि म्हणून मुंबईत जे काही होईल ते इंग्लंडला लागू पडणार नाही. गाळ्यात हवा २८ अंशांची आणि आर्द्रता ८८ टक्के होती. लगदा तव्यावर पूर्ण वाळवून नळीचा एक अर्धा भाग टेबलावर उघडा ठेवला. तासाभरात त्यावर चकाकी आली आणि संध्याकाळपर्यंत काळ्या घामाचे थेंब धरले. हे काम कार्बोनेटचे आहे. २५ अंशांना हवेची आर्द्रता सुमारे ४३ टक्क्यांच्या वर गेली की हा क्षार हवेतले पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळतो. सल्फेटचा उंबरठा ९७ टक्क्यांजवळ आहे, त्यामुळे ते आमच्या पावसाळ्यातही दाणेदार राहते. बोटाने चोळल्यावर ते वाळूसारखे लागत होते. म्हणजे कीट हे एकजिनसी नसून ओल्या चिखलात रुतलेली रेती आहे, आणि चिखल सुकला की ती रेती सिमेंटसारखी धरते.

नळीचा दुसरा अर्धा भाग मी विजेच्या शेगडीवर ४५ अंशांना ठेवला होता. त्याच खोलीत, त्याच हवेत, तो रात्रीपर्यंत पांढरट आणि कडक राहिला. नखाने खरवडावा लागला.

थोडे गणित केल्यावर कारण उघड झाले. हवेतली वाफ तीच राहते, परंतु गरम पोलादाला लागून असलेल्या थरात तीच वाफ फार कमी टक्क्यांची ठरते. इंग्लंडच्या उन्हाळ्यातली २० अंशांची आणि ६० टक्के आर्द्रतेची हवा धरली, तर नळी २५-२६ अंशांवर पोहोचली की तिच्या पृष्ठभागाशी आर्द्रता ४३ टक्क्यांवर येते आणि कीट वाळू लागते. भाच्याने पाच बारांनंतर नळीच्या बुडाशी ३८ अंश मोजले आहेत. तेव्हा तिथे आर्द्रता जेमतेम २१ टक्के असणार. मुंबईच्या आजच्या हवेत हाच उंबरठा नळी ४० अंशांच्या आसपास पोहोचल्यावर येतो. त्याची सहावी गोळी जड का जाते याचे उत्तर यातच आहे. कीट वाढले हे खरे, पण त्याहून मोठी गोष्ट ही की सहाव्या बाराच्या सुमारास नळी तापून कीट वाळते. हवेकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. दिवस दमट असला तरी गरम नळी आपल्यापुरता कोरडा उन्हाळा तयार करते.

यावरून कामाची दिशाच बदलली. कीट पूर्ण काढून टाकण्याच्या मागे न लागता ते पहिल्या बारापासून तेराव्यापर्यंत एकाच अवस्थेत, मऊ पण वाहते नव्हे असे, कसे राहील ते पाहायचे.

८ जुलै

रात्रभराच्या पावसाने मध्य रेल्वे बंद पडली. गाळ्यात जाता आले नाही. आर्द्रतामापक घरी असता तर आज काय दाखवले असते याची उत्सुकता आहे.

११ जुलै

बोंडीवर दोन दिवस गेले. विकतच्या बोंडीचे माप भाच्याने १४.१ कळवले होते. चिंधी पाव मिलिमीटर जाडीची धरली तर दोन्ही बाजूंची मिळून अर्धा मिलिमीटर होते आणि एकूण १४.६, म्हणजे नळीत दट्ट्यासारखी घट्ट बसते. मी तशीच एक करून चाचणीच्या नळीत ओलसर लगद्यावरून ढकलली आणि नळी उघडली. भिंती बऱ्याच स्वच्छ झाल्या होत्या, परंतु बुडाशी काळ्या चिखलाचा पाच-सहा मिलिमीटरचा गोळा जमला होता. खऱ्या रायफलीत नेमकी तिथेच निपलकडे जाणारी वाट असते. ज्या बोंडीने नळी साफ करायची तीच बोंडी आगीचा रस्ता बुजवत होती.

मग १३.४ची केली. तिच्यावरची कडी करवतीच्या दातांसारखी कापली, म्हणजे प्रत्येक कड्याचा उतार पुढे आणि उभी धार मागे. आत जाताना चिंधी उतारावरून सपाट राहून कीटावरून अलगद घसरते. मागे ओढताना उभ्या धारेला अडकून गोळा होते, फुगते आणि कीट तोंडाकडे ओढून आणते. हे मी नळी अर्धवट उघडून, मेणबत्तीच्या उजेडात, हाताने अगदी हळू गज मागे-पुढे करून पाहिले. जाताना चिंधीची कड फक्त काळी झाली. परत येताना तिच्या चुण्या एकीवर एक चढल्या आणि पुढच्या बाजूला मळाची पन्हाळ भरत गेली. तोंडातून बाहेर पडली तेव्हा चिंधीच्या त्याच बाजूला हात न लागावा इतके कीट होते आणि बूड जवळजवळ कोरडे होते.

१३.० ची बोंडीही केली, पण ती फारच सैल झाली आणि एकदा चिंधी नळीतच सोडून आली. भरलेल्या रायफलीत असे झाले तर अनर्थ. १३.४ कायम केली. गजाची धातूची बाजू नळीच्या तोंडाला घासू नये म्हणून एक पितळी बुशीही सोबत दिली आहे. तोंडाची कड एका बाजूने झिजली की नेम बिघडतो.

२१ जुलै, रविवार

पार्सल पोहोचले, आणि चूक माझीच निघाली. भाच्याने आट्यांचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर, ०.८ मिलिमीटर आणि व्यास "सुमारे पाच" असा कळवला होता. मी निःशंकपणे एम-५ चे आटे कापले. त्याच्या गजावरचे आटे इंची आहेत : १०-३२, म्हणजे व्यास ४.८३ आणि पिच ०.७९४. पिच-गेज लावले तरी हा फरक डोळ्याला दिसत नाही. बोंडी दीड फेरा जाते आणि रुसून बसते. चाळीस वर्षे आटे कापून ही चूक व्हावी याचा मला राग आला. त्याने तिथल्या एका मित्राकडून आटे पाडायचा डाय मिळवून आटे पुन्हा कापले आणि काल रेंजवर नेले.

निकाल संमिश्र आहे. गोळी एकही अडकली नाही, मात्र सातव्या बाराला टोपी फुटूनही दारू पेटली नाही. त्याने नियमाप्रमाणे रायफल निशाण्याकडेच रोखून मिनिटभर वाट पाहिली, नवी टोपी चढवली आणि तेव्हा बार उशिराने, फुसफुसत उडाला. चौकशी केल्यावर कळले की नवी बोंडी सैल आहे म्हणून त्याने चिंधी भरपूर ओली केली होती. ओलावा बुडाशी गेला आणि नंतरच्या दारूने तो प्यायला.

२२ जुलै

यावर गाळ्यात साधी चाचणी केली. नळीच्या बुडाशी टीपकागदाची चकती ठेवली आणि सिरिंजने मोजून पाणी घातलेल्या चिंध्या बोंडीवर खाली नेल्या. एक मिलिलिटरच्या चिंधीने कागदावर मोठा ओला डाग सोडला. ०.६ च्या चिंधीने कड ओली केली. ०.४ ला कागद कोरडा राहिला. पाण्याऐवजी पाणी आणि स्पिरिट समभाग घेतले तर ०.६ चा डागही दोन मिनिटांत उडून गेला, पण भाचा म्हणतो की एवढी वाट पाहायला सामन्यात वेळ नसतो.

०.४ मिलिलिटर पाणी फार थोडे वाटते. परंतु कार्बोनेट १०० मिलिलिटर पाण्यात ११० ग्रॅमांइतके विरघळते आणि सल्फेट जेमतेम १२ ग्रॅम. म्हणजे या थेंबभर पाण्याने चिखल सैल पडतो, रेती विरघळत नाही. ती चिंधीने पुसूनच न्यावी लागते. दोन बारांच्या मध्ये एवढेच हवे आहे. भाच्याला कळवले : चिंधी भिजवून मुठीत घट्ट पिळायची, गालाला लावली तर गार लागावी, ओली लागू नये.

२८ जुलै, रविवार

आता वंगणाकडे. भाचा गोळीच्या खाचांत गाडीचे ग्रीस भरत होता. खनिज तेलाचे वंगण आणि काळी दारू यांचे जमत नाही, हे या क्षेत्रातला प्रत्येक जुना नेमबाज सांगतो. दोन्ही मिळून डांबरासारखा काळा थर बसतो आणि तो पाण्यालाही दाद देत नाही. मेण आणि प्राणिज किंवा वनस्पतिज स्निग्ध पदार्थ यांचे मिश्रण कीट मऊ ठेवते.

या मिश्रणाची गोष्ट मराठी वाचकाला शाळेपासून माहीत असते, फक्त या बाजूने नव्हे. एनफिल्डचे काडतूस कागदाचे होते. शिपायाने एक टोक दातांनी तोडून दारू नळीत ओतायची, मग काडतूस उलटे करून गोळी तिच्या कागदासह नळीच्या तोंडात बसवून ठासायची. गोळीभोवतीचा कागद मेण आणि चरबी यांत बुडवलेला असे. जानेवारी १८५७ मध्ये डमडमला या चरबीवरून कुजबुज सुरू झाली, मार्चच्या अखेरीस बराकपूरला मंगल पांडे यांचे प्रकरण घडले आणि १० मे रोजी मेरठला भडका उडाला. त्या उठावाची कारणे एका काडतुसात मावणारी नव्हती. परंतु कागदाला चरबी मुळात लावलीच का जात होती, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. चरबी नसती तर थोड्याच बारांत कोरड्या कीटामुळे गोळी खाली उतरली नसती. माझ्या भाच्याची आठव्या बाराची अडचण त्या काळच्या लष्करालाही होतीच. पुढे ठासणे जड जाते या तक्रारींनंतर गोळीचा व्यासच ०.५६८ इंचावरून ०.५५० पर्यंत उतरवला गेला आणि तिच्या पोकळ बुडात लाकडी गुल्ली बसवली, म्हणजे सैल गोळी ठासायला सोपी जावी आणि बाराच्या दाबाने फुगून चरांत बसावी. माझ्या मते कीटावरचा हा खरा लष्करी उपाय : नळी साफ करण्याऐवजी कीटाला जागा ठेवायची.

भाच्याची गोळी ०.५७५ ची आहे. नळीशी तिचा फरक ०.०५ मिलिमीटर. यात कीटाला जागाच नाही. त्याला ०.५७२ चा साचा वापरून पाहायला सांगितले आहे.

मिश्रण घरी करायचा बेत होता. बकऱ्याची चरबी स्वयंपाकघरात वितळवायला परवानगी मिळाली नाही, आणि या बाबतीत वाद घालण्यात शहाणपण नव्हते. म्हणून मस्जिद बंदरचे मधमाश्यांचे मेण आणि तिळाचे तेल यांची तीन मिश्रणे केली. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, त्यामुळे पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून तापवले. पाच भाग मेण आणि एक भाग तेल हे मुंबईत खडूसारखे घट्ट आहे. समभाग मिश्रण २८ अंशांना बोटाने पसरते. एक भाग मेण आणि दोन भाग तेल हे इथे पाझरते, मात्र तिथल्या १५-१८ अंशांत तेच ठीक बसेल असे वाटते. भाच्याने तिन्ही तिथेच करून पाहावीत. वंगण पार्सलने पाठवणे मूर्खपणा ठरेल.

११ ऑगस्ट, रविवार

लेथवर काम करणाऱ्याच्या शेजारी नेहमी एक दुधाळ पाण्याचा डबा असतो : पाण्यात मिसळणारे कटिंग ऑइल. इतके दिवस तो माझ्या कोपराशी होता आणि मला सुचले नाही. ठासणीवाले नेमबाज हेच तेल पाण्यात घालून चिंध्या भिजवतात, हे भाच्याने क्लबातून ऐकून सांगितले तेव्हा मला स्वतःचे हसू आले. खनिज तेल असूनही ते इथे चालते, कारण त्यात पायसीकारक, म्हणजे तेल पाण्यात मिसळून ठेवणारा पदार्थ, असतो आणि मुख्य काम पाणीच करते. तेलाचा पातळ थर फक्त मागे राहतो.

एक भाग तेल आणि सात भाग पाणी घेऊन चिंध्या भिजवल्या, पिळल्या आणि ४५ अंशांवर ठेवलेल्या नळीत चालवल्या. साध्या पाण्याच्या चिंधीनंतर भिंतीवर उरलेले कीट चार मिनिटांत पुन्हा पांढरे पडले. या मिश्रणानंतर ते पंधरा मिनिटांनीही गडद आणि लोण्यासारखे होते. अवस्था टिकवणे म्हणजे काय ते इथे प्रथमच हाताला लागले.

भाच्याचा कालचा अहवाल : ०.५७२ ची गोळी, मेण एक भाग व तेल दोन भाग, दर तीन बारांनंतर एक पिळलेली चिंधी खाली आणि वर एकदाच. अकरा बार, गोळी एकदाही अडकली नाही. गजावर त्याने गोळी पूर्ण बसल्याची खूण केली आहे आणि प्रत्येक वेळी ती खूण नळीच्या तोंडाशी आली. या खुणेबद्दल मी त्याला दोनदा बजावले आहे. कीटामुळे गोळी मध्येच थांबून दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहिली तर बाराच्या वेळी नळी फुगू शकते. खूण वर दिसली तर टोपी चढवायची नाही, वाद संपला.

२५ ऑगस्ट, रविवार

सरावानंतरच्या सफाईची चाचणी घेतली आणि ती मला फसवून गेली असती.

नळीचा एक अर्धा भाग कीटासकट रात्रभर ठेवला. दुसरा साध्या पाण्याने धुऊन न पुसता ठेवला. सकाळी धुतलेल्या भागावर नारिंगी गंज होता आणि न धुतलेल्यावर जवळजवळ काहीच नव्हते. यावरून कोणी म्हणेल की नळी धुऊच नये. परंतु माझ्या लगद्यातला कार्बोनेट चांगलाच अल्कधर्मी आहे आणि तशा द्रावणात पोलाद सहसा गंजत नाही. खऱ्या कीटात सल्फाइड आणि इतरही गंधकयुक्त पदार्थ असतात, जे मी वासापायी वगळले होते. भाच्याने जूनमध्ये एकदा रायफल न धुता रात्रभर गाडीत ठेवली होती आणि दुसऱ्या दिवशी बुडाजवळ तपकिरी डाग सापडला होता. माझी नळी या बाबतीत साक्षीदार म्हणून चालणार नाही. तिची साक्ष मी वहीतून काढून टाकत आहे.

धुतलेल्या भागाचा गंज मात्र खरा आहे. पाण्याने क्षार गेले, संरक्षणही गेले आणि ओले उघडे पोलाद मुंबईच्या हवेत राहिले. म्हणून क्रम असा : कोमट पाणी आणि थोडा साबण, चिंधी पांढरी येईपर्यंत, लगेच कोरड्या चिंध्या, मग तेल. तेल क्षार विरघळवत नाही, त्यामुळे आधी तेल लावले तर कीट त्याच्याखाली झाकले जाते, इतकेच. उकळत्या पाण्याचा आग्रह मला पटत नाही. नळी तापून लवकर सुकते हे खरे, पण त्या सुकण्यातच गंजाची पातळ झाक येते. पुढच्या सरावाआधी ते तेल कोरड्या चिंधीने काढायचे आणि नुसत्या टोप्या फोडून निपलची वाट मोकळी करायची, हे भाचा स्वतःच करतो.

निपलच्या बारीक भोकासाठी त्याला तार हवी होती. मी स्टोव्हच्या पिनांचे एक पाकीट टपालाने पाठवले. केरोसीनचा स्टोव्ह पेटवलेल्या पिढीला ती पिन कशी धरायची हे सांगावे लागत नाही. त्याला व्हिडिओ कॉलवर दाखवावे लागले.

१५ सप्टेंबर, रविवार

घरी गणपती असल्याने आठवडाभर गाळा बंद होता. काल भाच्याचा सामना झाला आणि रात्री त्याचा फोन आला.

तीस मिनिटांत १३ बार झाले. चौथा, सातवा आणि दहावा बार भरण्याआधी पिळलेली चिंधी एकेकदा फिरवली. गजाची खूण तेराही वेळा जागेवर आली. अकराव्या गोळीला त्याला हाताला जडपणा जाणवला. त्या वेळी ऊन आले होते आणि नळी हाताला चटका देत होती. त्याने तिथे एक जादा चिंधी फिरवली आणि बारावी पुन्हा सहज गेली. म्हणजे चिंधी किती बारांनी फिरवायची याचा आकडा कायमचा ठरवून चालणार नाही, नळी किती तापली आहे ते पाहून ठरवावे लागेल. पुढच्या वेळी त्याने प्रत्येक बारानंतर बुडाचे तापमान लिहून आणावे असे ठरले आहे. शेवटचे चार बार किंचित वर गेले; हे तापलेल्या नळीमुळे की त्याच्या थकलेल्या खांद्यामुळे, याचा निवाडा इथे बसून करता येत नाही.

त्याच्या क्लबातल्या दोघांना तशाच बोंड्या हव्या आहेत. उद्या नागदेवी स्ट्रीटवर जाऊन इंची डाय आणायचा आहे. दोन तुकडे आजच कापून ठेवले आणि दोन्हींच्या टोकाला खडूने मोठ्या अक्षरांत "१०-३२" लिहिले.